शंभर येनमधल्या पाच मुली

मारामारीचे व्हिडिओ गेम म्हटले की आपल्या घरांतून अजूनही कपाळाला आठ्या पडतात. त्यात गैर काही नाही. पडद्यावरच्या माणसाने डावीकडून उजवीकडे चालत जायचे, समोर येईल त्याला लोळवायचे आणि पुन्हा पुढे चालू लागायचे, एवढेच ज्याचे कथानक, त्या खेळात मुलांनी वेळ का घालवावा, असा प्रश्न आईबापांना पडणारच. तरीही आज मी अशाच एका खेळाची बाजू मांडणार आहे. खेळ १९९५ सालचा आहे, जपानी आहे आणि त्यात लढणाऱ्या पाचही नायिका शाळकरी मुली आहेत.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही काही वर्षांपासून टोकियोत राहतो. आमच्या निशिकासाई भागात भारतीयांची वस्ती मोठी, त्यामुळे गणपती, दिवाळी, पोह्यांची पाकिटे यांची उणीव भासत नाही. सुटीच्या दिवशी मात्र मी आणि माझी लेक जुनी यंत्रे जपून ठेवणाऱ्या एका गेम सेंटरमध्ये जातो. तिथे मागच्या रांगेत 'सेलर मून'चे यंत्र आहे. एक दांडा, मोजकी बटणे आणि शंभर येनचे नाणे टाकायची फट. आपल्या हिशेबाने साधारण पन्नास-साठ रुपये.

सेलर मून कोण, हे नव्या वाचकांना सांगायला हवे. नाओको ताकेउची यांची ही चित्रकथा 'नाकायोशी' या मुलींच्या मासिकात १९९१च्या अखेरीस सुरू झाली. मार्च १९९२ मध्ये तोएई कंपनीने तिच्यावर टीव्ही मालिका काढली. ती १९९७ पर्यंत चालली आणि तिचे २०० भाग झाले. नायिका उसागी ही चौदा वर्षांची. अभ्यासात यथातथा, शाळेत रोज उशीर, जरा काही झाले की भोकाड पसरणारी. कपाळावर चंद्रकोर असलेली एक काळी मांजर तिला सांगते, की तू सामान्य मुलगी नाहीस. मग एकेक मैत्रीण सापडत जाते आणि ग्रहांची नावे धारण केलेल्या या पाचजणी वाईट शक्तींशी लढू लागतात. गंमत अशी, की ही उसागी स्वतःही गेम सेंटरमध्ये रमणारी आहे. मालिकेत 'क्राउन' नावाचे गेम सेंटर आहे आणि तिथे ती एका वीरकन्येचा गेम मन लावून खेळते.

म्हणजे पडद्यावरची मुलगी आधीच गेम सेंटरमध्ये पोचली होती. तिच्यावरचा गेम यंत्रात यायला मात्र १९९५ उजाडले. बानप्रेस्टो कंपनीने तो बाजारात आणला आणि गझेल या छोट्या कंपनीने तो घडवला. विमानांच्या गेमसाठी नावाजलेली तोआप्लान कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिथून बाहेर पडलेल्या काहीजणांनी गझेल सुरू केली होती. नोकरी गेलेल्या माणसांच्या हातून असे झगमगीत, गुलाबी-निळे काम व्हावे, याचे मला फार कौतुक वाटते.

या जातीच्या खेळांना जपानी लोक 'बेल्ट स्क्रोल' म्हणतात. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याप्रमाणे दृश्य सरकत राहते, म्हणून हे नाव. त्यांची परंपरा १९८६-८७ पासूनची. 'डबल ड्रॅगन' हा १९८७ मधला गाजलेला गेम. त्याच्या सुरुवातीलाच गुंड एका तरुणीच्या पोटात ठोसा मारून तिला खांद्यावर टाकून नेतात आणि दोन भाऊ तिला सोडवायला निघतात. दोघेजण मिळून खेळत असतील, तर शेवटी हे भाऊ तिच्यासाठी एकमेकांशीच भिडतात! १९८९च्या 'फायनल फाइट'मध्ये शहराच्या महापौराची मुलगी पळवली जाते. बाई म्हणजे सोडवून आणायची वस्तू, हा जणू या खेळांचा पाया होता. पुढे चित्र थोडे बदलले, निवडीच्या रांगेत एखादी बाई दिसू लागली. पण ती बहुधा एकटीच असे. 'सेलर मून'मध्ये निवडायला पाचजणी आहेत आणि पाचही मुली. कोणाची वाट पाहायची नाही. आपले आपण लढायचे.

हे मला इतके का भावावे, याचे उत्तर सांगलीत आहे. नव्वदीच्या दशकात आमच्या घराजवळ व्हिडिओ गेमचे एक दुकान होते. पुढे मळकट पडदा, आत अंधार आणि यंत्रांचा कल्लोळ. माझा दादा तिथे 'मुस्तफा' खेळायचा. त्या गेमचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉमने तो १९९३ मध्ये काढला. पण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफावर पोरांचा एवढा जीव, की गेमलाच त्याचे नाव पडले. दादा रात्री जेवताना ताटावरच सगळ्या लढाया सांगायचा. मी ऐकायचे. त्या गेममध्ये हॅना नावाची एक बाईही आहे, हे मात्र त्याने कधी सांगितले नाही, कारण तिला कोणी निवडतच नसे. पडद्याच्या आत जायची मला बंदी होती. घरात कोणी तसे मोठ्याने बजावले नव्हते. मुलींनी तिथे जायचे नसते, हे जसे आम्हाला इतर शंभर ठिकाणांबद्दल ठाऊक होते, तसेच याबद्दलही ठाऊक होते.

जपानमध्ये सगळे आलबेल होते, असे मात्र नव्हे. इथल्या गेम सेंटरचे नावही एकेकाळी खराबच होते. सिगारेटचा धूर, टवाळ पोरे, रात्री-अपरात्रीची वर्दळ. १९८५ पासून सरकारने गेम सेंटर्सना कॅबरे आणि जुगारवजा धंद्यांच्याच कायद्याखाली आणले. मध्यरात्रीनंतर बंद, लहान मुलांना संध्याकाळनंतर प्रवेश नाही, असे नियम लागले. मुली तिथे मोठ्या संख्येने येऊ लागल्या त्या जुलै १९९५ नंतर, मैत्रिणींचे फोटो काढून त्यांचे चिकटचित्र देणारे 'प्रिंट क्लब' यंत्र आले तेव्हा. म्हणजे सेलर मूनचा गेम आणि ते यंत्र एकाच वर्षातले. एप्रिल २०२० पासून बंदिस्त जागांतल्या धूम्रपानावर कायद्याने बंधने आली आणि हवाही निवळली. आज मी लेकीचा हात धरून निर्धास्त आत जाते, त्यामागे एवढा इतिहास आहे.

लेक नेहमी ज्युपिटर निवडते, कारण ती सगळ्यांत उंच. मी मर्क्युरी घेते, कारण ती अभ्यासू. पहिल्या दोन मिनिटांतच कळते, की हा खेळ दिसतो तितका भाबडा नाही. शत्रू दोन्ही बाजूंनी येतात. त्यांच्या सरळ रेषेत उभे राहिले की मार बसतो. थोडे वर-खाली सरकून तिरके जायचे, मग आपला हात आधी पोचतो. एकीने पुढचे सांभाळायचे, दुसरीने पाठ राखायची. प्राण भरून देणारी वस्तू पडली, तर ती कोणी घ्यायची? नियम लिहिलेला नाही. ज्याचे प्राण कमी, त्याने घ्यावी, हे लेकीने तिसऱ्या खेपेला स्वतःच ठरवले. "आई, तू घे, तुझे संपत आले," असे ती ओरडली तेव्हा शेजारच्या यंत्रावरचे आजोबा मान वळवून हसले. मराठी त्यांना कळले नसावे, पण अर्थ कळला असावा.

मारामारीने मुले बिघडतात का, यावर वाद पुष्कळ आहेत आणि मी त्यातली जाणकार नाही. मला एवढेच दिसते, की उभ्याने, खांद्याला खांदा लावून, चार लोकांत खेळलेला खेळ आणि बंद खोलीत एकट्याने खेळलेला खेळ, यांत फरक आहे. इथे हरल्यावर यंत्र सोडून उठावे लागते. मागे कोणी थांबले असेल, तर जागा द्यावी लागते. घरातल्या मोबाइलवर ही शिस्त कोण लावणार?

आणि हीच जागा आता आक्रसते आहे. एका खेळाला शंभर येन, ही सवय १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून रुजली. पुढे १९८९ मध्ये तीन टक्के विक्रीकर आला, १९९७ मध्ये तो पाच झाला, २०१४ मध्ये आठ, २०१९ मध्ये दहा. दुकानदार किंमत वाढवतात. यंत्राच्या फटीत मात्र एकशेदहा येनचे नाणे टाकता येत नाही, कारण असे नाणेच नाही. वाढलेला कर मालकाच्या नफ्यातून जातो. वर विजेचे बिल, जागेचे भाडे आणि जुन्या यंत्रांचे सुटे भाग. पडद्याच्या काचेच्या जाड नळ्या बनवणे मोठ्या कंपन्यांनी केव्हाच थांबवले. एक यंत्र मेले की त्याच्या अवयवांवर दुसरे जगते. त्यातच २०२०ची साथ आली. सेगासारख्या बलाढ्य कंपनीने त्या वर्षाच्या अखेरीस गेम सेंटर्सच्या धंद्यातला आपला बहुतांश हिस्सा विकून टाकला. जी सेंटर्स उरली, त्यांतही खेळणी उचलणाऱ्या यंत्रांनी पुढची जागा व्यापली आहे.

जुने यंत्र संग्रहालयात ठेवता येईल, त्यातला गेमही दुसऱ्या कशावर तरी चालवता येईल. पण नाणे टाकून कोणीही यावे, मुलीनेही यावे, अनोळखी माणसाशेजारी उभे राहून खेळावे आणि हरून हसत बाहेर पडावे, अशी जागा जपायची तर तिथे जावेच लागते. आपल्याकडच्या मॉलमधल्या गेम झोनमध्येही आईबाप बहुधा बाहेर बाकावर बसलेले दिसतात. एखाद्या रविवारी त्यांनी, विशेषतः आयांनी, दुसरा दांडा हातात धरून पाहावा. मुलांना शिकवण्यासाठी नव्हे. आपल्याला कधी न मिळालेला डाव खेळण्यासाठी.