घड्याळातले ३८ आणि छातीतले ठोके

समजा, तुम्ही लेस्टरला आहात आणि बाबा साताऱ्याला. मागच्या भेटीत तुम्हीच हौसेने त्यांना स्मार्टवॉच दिलंय. सकाळी फोन येतो : "अरे, रात्री ठोके ३८ दाखवले. बीपीची गोळी बंद करू का?" गोळी मेटोप्रोलॉलची, म्हणजे ठोके संथ करणारीच. काय सांगाल?

आधी घड्याळ नेमकं काय मोजतं ते पाहू. त्याच्या मागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हा प्रकाश चांगला शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातलं रक्त किंचित वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या चढउतारावरून आकडा काढला जातो. थोडक्यात, घड्याळ हृदयाचे ठोके मोजत नाही, मनगटापर्यंत पोचलेल्या रक्ताच्या लाटा मोजतं. ईसीजी हृदयातली विद्युत हालचाल टिपतो. शांत बसलेल्या माणसात दोन्ही आकडे बहुतेक वेळा जुळतात. पण गती कमी असली, की तीन ठिकाणी फसगत होऊ शकते.

पहिली, लाट न पोचणं. कधी एखादा ठोका वेळेआधी पडतो. हृदय पुरतं भरलेलंच नसतं, त्यामुळे लाट क्षीण निघते आणि मनगटावर जाणवत नाही. एकाआड एक ठोका असा पडला, तर हृदयाचे ७६ ठोके घड्याळात ३८ होतात. इथे बोटांनी नाडी बघूनही उपयोग नाही, बोटांनाही तीच लाट सापडत नाही!

दुसरी चूक बरोबर उलटी. मोठ्या लाटेमागून, महाधमनीची झडप बंद होताना, एक छोटी लाट येते. ती ठळक असेल तर कधी कधी तीही मोजली जाते आणि ४२ चे ८४ होतात. म्हणजे खरंच मंद चाललेलं हृदय नॉर्मल दिसू शकतं.

तिसरं, साधं गणित. मिनिटाला ४० ठोके म्हणजे १० सेकंदांत जेमतेम सहा-सात. त्यातला एक हुकला, तर आकडा ६ ने घसरतो. १२० वर ही चूक ५ टक्के, ४० वर १५ टक्के. त्यात हात गार पडला असेल, पट्टा सैल असेल किंवा झोपेत हात अंगाखाली आला असेल, तर सिग्नल आणखी कमजोर.

कंपन्यांनाही ही मर्यादा ठाऊक आहे. अ‍ॅपल वॉच मंद गतीचा इशारा देतं ते माणूस स्वस्थ असताना गती सलग १० मिनिटं ठरावीक आकड्याखाली राहिली तरच. त्याचं ईसीजी अ‍ॅप ५० च्या खाली एट्रियल फिब्रिलेशन तपासत नाही.

मग बाबांना काय सांगायचं? पहिलं म्हणजे, गोळी मनाने बंद करायची नाही. अशी गोळी अचानक सोडली तर बीपी आणि ठोके एकदम वाढू शकतात, छातीत दुखू शकतं. दुसरं, आकड्याआधी माणसाला विचारा : चक्कर येते का? डोळ्यांपुढे अंधारी? धाप लागते? छातीत दुखतं? यातलं काही असेल, तर घड्याळ ७२ दाखवत असलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा. काहीच त्रास नसेल, तर घाबरू नका. गाढ झोपेत ठोके चाळिशीत जाणं अनेक निरोगी माणसांतही दिसतं. वेळ, आकडा आणि गोळीची वेळ लिहून ठेवा, एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा आणि ईसीजी काढायचा का ते विचारा. असं वारंवार होत असेल तर २४ तासांची होल्टर तपासणी असते.

घड्याळ काढून ठेवायची गरज नाही. त्याने एक प्रश्न विचारलाय, तो डॉक्टरांपर्यंत पोचवा. उत्तर मात्र ईसीजीकडून येऊ द्या.