गाडी डोळ्यांनी बघा, पण कंबरेनं निवडा

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास पेठ नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी जरा वेळ उभं राहावं. पुण्याहून पहाटे निघालेले दुचाकीस्वार इथं महामार्ग सोडून शिराळ्याकडं वळतात. कुणाला चांदोली धरणाकडं जायचं असतं, कुणाला गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली फोटो काढायचा असतो, कुणी कोकरूड, मलकापूर करत आंबा घाटानं कोकणात उतरणार असतो. गाड्या बघण्यासारख्या असतातच. पण त्याहून बघण्यासारखी असते ती माणसं गाडीवरून उतरतात कशी ती गोष्ट. एकजण कंबर धरून मागं वाकतो, दुसरा बोटांना मुंग्या आल्यासारखे हात झटकतो, तिसरा मान दोन्ही बाजूंना मोडून घेतो. कुणाचं काय दुखतंय यावरून तो कुठल्या जातीच्या गाडीवर आलाय, हे बऱ्याचदा सांगता येतं.

जाती मुख्यतः दोन. पहिली टूरिंगची: बैठक ठेंगणी, सीट रुंद, समोर वारा अडवणारी काच, काहींमध्ये पाय पुढं सोडून ऐसपैस बसायची सोय. क्रूझर म्हणतात त्या गाड्यांनाही आपल्याकडं याच घरात धरतात. दुसरी अॅडव्हेंचरची: उंच, पुढचं चाक मोठं, हँडल रुंद, खाली दगड लागू नये म्हणून पोटाखाली भरपूर जागा. या दुसऱ्या जातीचा मूळपुरुष म्हणून बीएमडब्ल्यूच्या १९८० सालच्या आर ८० जी/एस या गाडीकडं बोट दाखवतात. नावातल्या दोन अक्षरांचा जर्मन अर्थच 'रान आणि रस्ता' असा. आपल्याकडं ही हौस सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डची हिमालयन आल्यावर. २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आली, २०२० मध्ये केटीएमची ३९० अॅडव्हेंचर, आणि ती तर आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार होणारी. टूरिंगच्या बाजूला बजाजची डॉमिनार ४००, एन्फील्डची मेटिओर ३५०. आज तिशीतला माणूस लाखांच्या घरात पैसे मोजून यातली एक निवडतो, तेव्हा तो घोडाशक्ती विचारतो, मायलेज विचारतो आणि इन्स्टावर ती कशी दिसेल याचा अंदाज घेतो. स्वतःच्या पाठीला मात्र विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मी एक बुटकी क्रूझर घेतली. नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. 'आरामखुर्चीच आहे' असं सगळे म्हणत होते आणि पेठ नाक्यापर्यंत ती होतीही तशीच. पुढं शिराळा सोडून कोकरूडच्या दिशेनं निघालो. पावसाळा नुकताच सरला होता आणि डांबराची चाळण झाली होती. मलकापूरला पोचलो तेव्हा माकडहाडापासून वर मानेपर्यंत कुणी मोगरी मारल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी चप्पल घालायला वाकता येईना.

यातलं गणित मला नंतर कळलं. माणसाचं धड बसलेल्या स्थितीत एखाद्या स्प्रिंगसारखं वागतं. झोक्याला त्याच्या तालात धक्के दिले की तो उंच जातो, तसंच आपल्या कण्याचंही आहे. साधारण सेकंदाला ४ ते ८ या गतीनं खालून धक्के आले, तर कणा ते कमी करण्याऐवजी वाढवतो. आता ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. रस्त्यावर दर दोन-सव्वादोन मीटरला एक खड्डा असेल तर सेकंदाला पाच धक्के, म्हणजे नेमके कण्याला नको असलेल्या तालात. आपल्या भागातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांना हा ताल फार छान जमतो! अशा रस्त्यावर वेग थोडा कमी-जास्त केला की अंग एकदम हलकं वाटतं, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. त्यामागचं कारण हेच.

क्रूझरवर पाय पुढं असतात, त्यामुळं धडाचा जवळपास सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. ओटीपोट मागं कलतं आणि कंबरेची नैसर्गिक आतली वळणदार बाजू सपाट होते. खड्डा समोर दिसला तरी पायांवर जोर देऊन बूड उचलता येत नाही. अॅडव्हेंचर गाडीवर पाय बरोबर शरीराखाली येतात. खड्डा आला की गुडघे किंचित वाकवून उभं राहिलं, की मांड्या आणि पोटऱ्या हेच शॉकअॅब्जॉर्बर. या गाड्या चालवणारे दगडगोट्यांवर उभे राहतात, ते रुबाबासाठी नव्हे. (काही जण रुबाबासाठीही राहतात, गावातून जाताना तर हमखास.) शिवाय चाक किती वर-खाली होऊ शकतं यातही फरक आहे. मेटिओरचं पुढचं चाक १३० मिलिमीटर हलतं, नव्या हिमालयन ४५० चं २००. आणि २१ इंची चाक छोट्या खड्ड्यात उतरण्याऐवजी त्याच्या कडांवरून पुढं जातं; १७ इंची आत शिरून कडेवर आपटतं. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का ठेवत, त्याचं उत्तर यात आहे.

म्हणजे अॅडव्हेंचर घ्यावी, संपलं? नाही. शिराळ्यापर्यंतचे दोनशे किलोमीटर महामार्गाचे आहेत, ते विसरून चालत नाही.

महामार्गावर शत्रू वेगळा असतो: वारा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० ला जो रेटा छातीवर येतो, तो १०० ला पावणेतीन पट होतो. उंच, सरळ बसलेला माणूस म्हणजे शीडच. तो रेटा पेलायला हात हँडल घट्ट धरतात, खांदे वर चढतात, मान ताठ होते. तासाभरानं मानेत जी कळ येते ती बऱ्याचदा यातूनच. चांगली रुंद काच असलेली टूरिंग गाडी हे काम स्वतःवर घेते. काच अर्धवट उंचीची असेल तर मात्र उलटं होतं. वाऱ्याचे भोवरे थेट हेल्मेटवर आदळतात आणि डोकं थरथरत राहतं. हेल्मेटच्या आत महामार्गाच्या वेगाला वाऱ्याचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. तास-दोन तास तो ऐकला की गाडीवरून उतरल्यावर कान भरल्यासारखे वाटतात, आणि वारंवार असं झालं तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात फार थोड्या पैशात मिळतात. हॉर्न त्यातूनही ऐकू येतो.

बोटांच्या मुंग्या ही आणखी वेगळी गोष्ट. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्या मारत असेल तर हँडलला सेकंदाला ७५ कंपनं येतात. मूठ जितकी घट्ट तितकी ती जास्त आत शिरतात. युरोपीय संघानं २००२ मध्ये कामगारांसाठी हाताला आणि अंगाला किती कंपन चालेल, याच्या रोजच्या मर्यादा कायद्यानं घातल्या; ट्रॅक्टर, ड्रिल, करवती चालवणाऱ्यांसाठी. हौसेनं गाडी चालवणाऱ्याला असा कुणी वाली नाही. मूठ सैल ठेवणं आणि तासाभरानं थांबणं, एवढंच आपल्या हातात आहे. थांबण्याचा फायदा कंबरेलाही होतो. मणक्यांमधल्या गादीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब कमी-जास्त होताना आजूबाजूचा द्रव झिरपून तिचं पोषण होतं. तीन तास एकाच बैठकीत दाबून ठेवली की ती उपाशी राहते. दहा मिनिटं चाला, चहा घ्या, पाणी त्याहून जास्त प्या.

आता उंचीकडं येतो, कारण माझ्या माहितीतल्या सर्वांत जास्त दुखापती चालत्या गाडीवर झालेल्या नाहीत. त्या उभ्या गाडीखाली पाय सापडून झाल्या आहेत.

माझ्या मावसभावाची उंची पाच फूट पाच इंच, म्हणजे भारतीय पुरुषाची अगदी सरासरी. अशा माणसाच्या पायाची आतली लांबी साधारण ७५-७७ सेंटिमीटर भरते. मेटिओरची सीट ७६.५ सेंटिमीटरवर, डॉमिनार आणि जुनी हिमालयन ८० वर, एक्सपल्स आणि नवी हिमालयन साडेब्याऐंशीच्या आसपास, पहिली ३९० अॅडव्हेंचर साडेपंच्याऐंशीवर. माणूस बसल्यावर स्प्रिंग दबते, बुटाचा तळ मदतीला येतो, तरी उंच गाडीवर टेकतात ती बोटंच. भावानं उंच गाडी घेतली. लडाखला जायचं होतं. तीन वर्षं झाली, लडाख राहिलंय. पण दर महिन्याला पुणे ते शिराळा मात्र होतं.

तो पडला तो पठाराच्या रस्त्यावर, वेग शून्य असताना. वळून परत फिरताना उताराच्या बाजूला पाय टाकला आणि तिथं जमीन बुटापेक्षा चार बोटं खाली निघाली. १९६ किलोची गाडी सरळ असते तोवर तिचं वजन चाकं पेलतात. ती ५ अंश कलली की हँडलपाशी आठ-नऊ किलोचा जोर लावून धरता येते. १५ अंशाला तो जोर २५ किलोच्या आसपास जातो, ३० अंशाला पन्नाशीकडं. हा माझा ढोबळ हिशेब आहे, त्यात सामानाचं वजन धरलेलं नाही. म्हणूनच 'सावरतो, सावरतो' म्हणेपर्यंत गाडी आडवी होते. त्याचा घोटा वाचला, पण गाडी उचलताना कंबर धरली. त्यानं हँडलला धरून वाकून ओढली, आणि बहुतेक जण हेच करतात. आधी सामान सोडायचं, गिअर टाकून चाक अडवायचं, गाडीकडं पाठ करायची, उकिडवं बसून सीटची कड आणि हँडल धरायचं आणि पायांच्या ताकदीनं मागं रेटत उठायचं. शेजारी कुणी असेल तर हाक मारायची. लाजेपायी एकट्यानं उचलून गादी सरकवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

कंबर दुखणं दोन-चार दिवसांत हलत जातं, ते वेगळं. कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पाऊल बधिर होत असेल किंवा त्यातली ताकद गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेभोवतीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

हेल्मेटबद्दल पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक आकडा सांगतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. शिराळ्याच्या रस्त्यावर ऊस तोडणीच्या दिवसांत मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल डांबरावर पडलेला असतो. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळं ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरत नाही; पण चिखलावर गाडी थांबायला जास्त जागा लागते ती लागतेच.

मग घ्यावी कुठली? मी विचारणाऱ्यांना एकच प्रश्न विचारतो: गेल्या वर्षी कुठं कुठं गेलात ते सांगा. पुढच्या वर्षी कुठं जाणार ते नको. शंभरातले नव्वद किलोमीटर महामार्गाचे निघाले तर काच, रुंद सीट, ठेंगणी बैठक. रोजचं गाव वाडी-वस्तीवरचं असेल तर मोठं चाक आणि उभं राहता येईल अशी जागा. शोरूममध्ये पाच मिनिटं नव्हे, अर्धा तास बसून राहा. बूट घालून जा. मागच्या स्प्रिंगचा ताण आपल्या वजनाला जुळवून द्यायला सांगा. फिरवायला थोडाच वेळ लागतो, आणि कित्येक जण तो आयुष्यभर फिरवत नाहीत. पाठीवर सॅक घेऊन दोनशे किलोमीटर जाऊ नका. तो भार गाडीनं वाहायचा असतो, कण्यानं नव्हे. आणि आपल्याकडं याआधी खडकाळ वाटेनं दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून रोज डेअरी गाठणारे एम-८० वाले होऊन गेले, हेही लक्षात असू द्या. वजन खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं ठेवायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

एका माणसाला मात्र गाडी घेताना कुणीच विचारत नाही. मागं बसणारीला. आपल्याकडं दुचाकी ही एकट्याची नसते. दवाखाना, लग्न, बाजार, सगळ्याला मागं कोणीतरी असतं. अॅडव्हेंचर गाडीची मागची सीट चालवणाऱ्याच्याही वर असते. गुडघे दुखणाऱ्या बाईला तिथं पाय टाकून चढणं म्हणजे जिना नसलेल्या माळ्यावर चढणं. साडी नेसून एका बाजूला बसलं तर कणा सारा वेळ पिळलेला राहतो आणि प्रत्येक खड्डा त्या पिळावर बसतो.

भावानं यंदा उन्हाळ्यात गाडी बदलायची ठरवली तेव्हा कराडच्या शोरूमला मावशीलाही बरोबर घेतलं. तिनं चार गाड्यांच्या मागं बसून बघितलं. सेल्समननं टॉर्क आणि स्क्रीनबद्दल बरंच सांगितलं, ते तिनं शांतपणे ऐकून घेतलं. उंच गाडीवर दोघांनी मिळून तिला चढवली, तेव्हा वरून म्हणाली, "चढाय येतंय रं, पण हितनं उतरू कशी?"

भावानं ठेंगणी घेतली. आता महिन्यातून एकदा मावशी शिराळ्याहून कोकरूडला बहिणीकडं जाते, दोन्ही बाजूंना पाय टाकून, सलवार घालून. वाटेत एकदा थांबायचं, हे तिनं आधीच ठरवून टाकलंय.