नट, गायक आणि दिग्दर्शक : मास्टर विनायक

बोलपटाच्या आरंभकाळी नटाला गळा असणे ही केवळ शोभेची गोष्ट नव्हती. पार्श्वगायनाची सोय रूढ होण्यापूर्वी नट कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात असे, आणि वादकांना चौकटीबाहेर दडून साथ करावी लागे. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ हा 1932 चा बोलपट याच काळातील. त्यात नारदाची भूमिका करणारा तरुण म्हणजे विनायक कर्नाटकी. 1906 साली कोल्हापुरास जन्मलेले हे गृहस्थ पुढे मास्टर विनायक या नावाने महाराष्ट्रास परिचित झाले.

तथापि गाणे आणि अभिनय यांवर त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. 1935 मध्ये मामा वरेरकरांच्या कथेवरील ‘विलासी ईश्वर’ त्यांनी दिग्दर्शित केला. पुढील वर्षी बाबुराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह ‘हंस पिक्चर्स’ स्थापन होऊन वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून ‘छाया’ अवतरला.

त्यांची खरी ओळख पटली ती मात्र 1938 च्या ‘ब्रह्मचारी’त. आचार्य अत्र्यांनी लिहिलेल्या या चित्रपटाचा नायक औदुंबर ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावतो, नटींची चित्रे फेकून देतो, व्यायामास लागतो. आणि किशोरी समोर येताच त्याचा निश्चय डळमळू लागतो! मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावर तेव्हा बराच गहजब झाला. पण चित्रपटाचे मर्म त्या पोशाखात नव्हे, औदुंबरात आहे. देखण्या नायकाने स्वतःचेच हसे करून घ्यावे, हे त्या दिवसांत धाडसच होते. यातील विनोदही असा की, तो पुण्याच्या पदवीधराला जितका रुचावा तितकाच चांदवडच्या बाजारास आलेल्या शेतकऱ्यालाही.

याहून अवघड गोष्ट त्यांनी पुढे केली. ‘ब्रँडीची बाटली’ (1939) या चित्रपटात ब्रँडी म्हणजे काय हेच न जाणणारा भोळा कारकून त्यांनी दामुअण्णा मालवणकरांना दिला. ‘लग्न पहावे करून’ (1940) मधील चिमणरावही दामुअण्णाच. नायक म्हणून लौकिक असलेल्या नटाने दिग्दर्शक या नात्याने बाजूस सरावे, हा विवेक विरळा. गंभीर, भपकेबाज ‘ज्वाला’ने ‘हंस’ला मोठा आर्थिक फटका दिला, तो ‘ब्रह्मचारी’च्याच वर्षी. प्रेक्षकांना विनायकांकडून काय हवे होते, हे यावरून उमगते.

पुढे ‘नवयुग’ झाले, 1942 साली ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ निघाली. मास्टर दीनानाथ त्याच वर्षी निवर्तले, तेव्हा त्यांच्या तेरा वर्षांहूनही लहान असलेल्या कन्येस, लता मंगेशकरांस, विनायकांनी या संस्थेत काम दिले. 1945 मध्ये ते मुंबईस आले, आणि लताबाईही त्यांच्या पाठोपाठ आल्या.

19 ऑगस्ट 1947 रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, विनायक निवर्तले. त्या वेळी हाती असलेला ‘मंदिर’ त्यांच्या पश्चात 1948 मध्ये पडद्यावर आला. त्यात एक लहान मुलगी प्रथमच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. ती त्यांचीच कन्या, नंदा.