घसरलेला सूर आणि संगणक

इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. त्या मोहिमेत हाती आलेल्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी आपल्याबरोबर नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील, भीमाशंकर येथील आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांपैकीच होत. तेव्हापासून पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. घंटांचे गाव बदलले, त्यांच्यापुढील देव बदलला. पण त्यांचा सूर बदलला नाही. ओतलेला धातू थंड झाला त्या दिवशी जो सूर त्यांना लाभला, तोच आजही ऐकू येतो.

माणसाच्या गळ्याचे तसे नाही. गळ्याला प्रत्येक वेळी सूर नव्याने शोधावा लागतो. श्वास अपुरा पडला की सूर खाली उतरतो. उत्साहाच्या भरात तो किंचित वर चढतो. मैफलीत असा क्षण येतो आणि विरून जातो. ध्वनिमुद्रणात मात्र तो कायमचा राहतो व प्रत्येक वेळी कानाला खुपतो. हा दोष दूर करण्यासाठी संगणकाची मदत घेण्याची युक्ती गेल्या काही दशकांत निघाली आहे.

पूर्वी गाणे मुद्रित करायचे म्हणजे वसई-विरारच्या गायकाला मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागे. आता विरार, नालासोपारा किंवा वसई येथील एखाद्या लहानशा खोलीतही हे काम होऊ शकते. एक मायक्रोफोन, एक संगणक आणि त्या दोहोंना जोडणारी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी एवढे साहित्य पुरते. भिंतीवर गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही. पंखा बंद करावा लागतो आणि लोकलगाड्यांची वर्दळ कमी होण्याची वाट पाहावी लागते. अशा खोलीत कोणी अभंग गातो, कोणी कोळीगीत, तर कोणी चर्चमध्ये म्हणावयाचे मराठी भक्तिगीत.

संगणकाला सूर कळतो तरी कसा? सूर म्हणजे हवेची नियमित कंपने. हार्मोनियमवरील पांढरी एक हा षड्ज मानला, तर मधल्या सप्तकातील धैवताची कंपने सेकंदाला सुमारे ४४० असतात. मायक्रोफोन या कंपनांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करतो. पेटी त्या प्रवाहाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा मोजते आणि ते आकडे संगणकाकडे पाठविते. आकड्यांच्या या लांबलचक रांगेत एकच आकृती पुनःपुन्हा येत असते. संगणक ती रांग किंचित पुढे सरकवून तिच्याच मूळ रूपाशी ताडून पाहतो. जेथे दोन्ही रांगा तंतोतंत जुळतात, तेथे एक कंपन पूर्ण झाले असे तो ठरवितो. एका कंपनाला किती वेळ लागला हे कळले, की सेकंदाला किती कंपने झाली हे काढणे सोपे असते.

हीच रीत वापरून अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकन संशोधकाने १९९७ साली ‘ऑटोट्यून’ ही प्रणाली बाजारात आणली. त्याचा मूळ व्यवसाय संगीताचा नव्हता. जमिनीत ध्वनिलहरी सोडून, खडकांवरून परतणाऱ्या लहरींच्या गणितावरून तेलाचे साठे शोधण्याच्या कामात त्याने अनेक वर्षे घालविली होती. पृथ्वीच्या पोटातील थर ओळखणारे गणित गळ्यातील सूरही ओळखू शकेल, हे त्याने जाणले. पुढे २००१ मध्ये जर्मनीतील पीटर नॉयबेकर यांची ‘मेलोडाइन’ ही प्रणाली आली. तिच्यात गाण्याचा प्रत्येक स्वर पडद्यावर आकृतीच्या रूपाने दिसतो आणि तो हाताने वरखाली सरकविता येतो.

सूर किती चुकला हे सांगण्यासाठी ‘सेंट’ हे माप वापरतात. एका सप्तकाचे १२०० भाग केले, की प्रत्येक भाग एक सेंट होतो. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंटचे अंतर असते. ४४० कंपनांच्या जागी गायकाचा स्वर ४३० कंपनांवर लागला, तर तो सुमारे ४० सेंट उतरला. संगणक हा फरक भरून काढतो. जुन्या काळी फीत वेगाने फिरवून सूर चढविता येई, पण त्यामुळे गाण्याची लयही वाढे आणि आवाज बारीक होई. नव्या प्रणाली लहरींचे बारीक तुकडे करून ते जवळ आणतात किंवा दूर नेतात. त्यामुळे लय कायम राहते. घसा व तोंड यांच्या पोकळीमुळे आवाजाला जो विशिष्ट रंग येतो, तोही बराचसा टिकतो.

सुधारणा किती वेगाने व्हावी, हे ठरविणे गायकाच्या हाती असते. वेग मंद ठेवला, तर ऐकणाऱ्याला हस्तक्षेप जाणवतही नाही. वेग अतिशय वाढविला, तर स्वर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि आवाज यांत्रिक वाटू लागतो. १९९८ साली शेर या अमेरिकन गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात हा परिणाम मुद्दाम वापरला गेला आणि तो जगभर गाजला.

आपल्या संगीतात मात्र येथेच खरी अडचण उभी राहते. पहिली गोष्ट षड्जाची. आपला षड्ज गायकाच्या गळ्यानुसार ठरतो. एखादीचा काळी चारवर, तर एखाद्याचा काळी एकवर. तो संगणकाला आधी सांगितला नाही, तर योग्य स्वरही चुकीचा ठरतो. दुसरी गोष्ट स्वरांच्या जागांची. संगणक सामान्यतः सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतो. षड्ज २४० कंपनांचा असेल, तर त्याच्या हिशेबाने शुद्ध गंधार ३०२ कंपनांहून थोडा वर येतो. तंबोऱ्याच्या नादाशी मिळणारा गंधार मात्र ३०० कंपनांचा असतो. म्हणजे तंबोऱ्याशी सूर जुळविणाऱ्या गायकाचा खरा गंधार ‘सुधारून’ बिघडण्याचा संभव असतो. तिसरी गोष्ट मींड आणि आंदोलन यांची. दरबारी कानड्याचा कोमल गंधार स्थिर उभा राहत नाही, तो झुलतो. त्याचे झुलणे हाच त्याचा प्राण आहे. संगणकाला मात्र ते झुलणे म्हणजे चूक वाटते.

हा वाद नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी स्वरांच्या या सूक्ष्म जागा गणिताने मोजून, बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. तिच्या पट्ट्यांवर मींड निघत नाही आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हा तिच्यावरील आक्षेप होता. ती बंदी सुमारे तीस वर्षांनी शिथिल झाली. हार्मोनियमचा गुणही तोच आणि दोषही तोच: ती आपल्या स्वरापासून ढळत नाही.

वसईच्या परिसरात हा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. येथील सामवेदी ख्रिस्ती समाजात लग्नप्रसंगी कादोडी बोलीतील गाणी म्हणतात. कोळी, वाडवळ इत्यादी समाजांचीही आपापली गाणी आहेत. ही गाणी पुस्तकातून शिकलेली नसून आजीकडून नातीकडे आलेली असतात. अनेक जणी एकत्र गातात, तेव्हा सगळ्यांचे सूर तंतोतंत एक होत नाहीत. एखादी ओळ स्वरावरून घसरत खाली येते आणि त्या घसरण्यातच तिची गोडी असते. अशी गाणी नातवंडांनी घरी मुद्रित करून ठेवणे हे फार मोलाचे काम आहे. पण मुद्रण करणाऱ्याने ती संगणकाने ‘सरळ’ केली, तर पुढील पिढी आजीचे गाणे न शिकता संगणकाचेच गाणे शिकेल. आणि तोपर्यंत खरे गाणे सांगणारे कोणी उरलेले नसेल.

म्हणून जाणते लोक काही पथ्ये पाळतात. मूळ मुद्रण ते कधी पुसत नाहीत. सुधारणा त्याच्या दुसऱ्या प्रतीवर करतात. तंबोऱ्याचा आवाज ते हेडफोनमधून ऐकतात, म्हणजे तो मायक्रोफोनमध्ये शिरून संगणकाचा गोंधळ करीत नाही. सगळे गाणे यंत्राच्या हवाली न करता, जेथे सूर खरोखर चुकला असेल तेवढीच जागा ते दुरुस्त करतात. आणि शक्य असेल, तर ती ओळ पुन्हा गाऊन पाहतात.

पडद्यावर आपला सूर कोठे उतरला हे दिसते, हा या साधनाचा शिकणाऱ्याला होणारा मोठा लाभ आहे. ते पाहून जो रियाजाला बसतो, त्याच्या गळ्याला त्या सुधारणेची गरज दिवसेंदिवस कमी पडते. चूक कोठे झाली हे संगणक दाखवू शकतो. पण ती चूक आहे की गाण्याचे सौंदर्य आहे, हे ठरविण्यासाठी सुराची ओळख असलेला कानच लागतो.