दम लागणारे मूल शाळेत जाते तेव्हा

पोळा उलटून सोयाबीन मळणीस आले, की पांढुर्णा व सौंसर या दोन्ही तालुक्यांत हवेचा रंग पालटतो. मळणीयंत्राचा भुसा गावावर उतरतो. पावसाळ्यात बांधांवर व शाळांच्या कुंपणाशी माजलेले गाजरगवत फुलून वाळू लागते. पुढे कापूस निघाला म्हणजे जिनिंगचे तंतू उडतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याची थंडी पडू लागताच पहाटेच्या चुलींचा धूर घराच्या छपराखालीच घोटाळत राहतो. ज्याची छाती निकोप आहे त्यास याची दखलही नसते. परंतु ज्या मुलाची श्वासनलिका मुळातच नाजूक आहे, त्याचे हे चार महिने कठीण जातात. आणि त्यातील निम्मा दिवस ते मूल आईच्या दृष्टीआड, शाळेत असते.

दमा म्हणजे काय, हे प्रथम नीट ध्यानी घ्यावे. फुप्फुसाकडे हवा नेणाऱ्या बारीक नळ्या आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, पराग, थंड वारा किंवा साधे पडसे यांपैकी एखादे निमित्त मिळाले, की त्या आक्रसतात, त्यांत चिकट कफ साचतो, आणि आत घेतलेला श्वास बाहेर टाकता येत नाही. छातीतून शीळ वाजल्यासारखी घरघर येते. काही मुलांस घरघर ऐकू येत नाही. केवळ रात्रीचा वा पळाल्यानंतरचा कोरडा खोकला असतो, आणि आपण त्यास महिनोन्‌महिने सर्दीचे नाव देत राहतो. हा रोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. २०१९ सालच्या जागतिक रोगभार अभ्यासाप्रमाणे जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतातील होते. रोगी इतके आणि मृत्यू इतके, या दोन आकड्यांतील तफावत औषध नसल्याची नाही; औषध वेळेवर व नियमाने न घेतल्याची आहे.

आणि येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट बोलावी लागते. आपल्या घरांतून दमा लपविला जातो. मुलगा असेल तर थोडा, मुलगी असेल तर पुष्कळच. उद्या सोयरीक जुळवावयाची आहे, काटोल-नरखेडकडचे पाहुणे चौकशी करतील, ‘पोरीला दम लागतो’ ही गोष्ट फुटली तर काय, अशा विचाराने आठ वर्षांच्या मुलीचा आजार तिच्या गुरुजींपासूनही दडविला जातो. मुलीस सांगितले जाते, ‘शाळेत कोणापुढे पंप काढू नकोस.’ मग ती मुलगी वर्गात दम कोंडू लागला तरी मान खाली घालून बसते. बोलावयास श्वास पुरत नाही म्हणून उत्तर देत नाही, आणि शिक्षकांस वाटते की मुलीने पाठ केलेला नाही. आईबापांचे प्रेम खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यांची भीती खरी आहे. परंतु दहा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांच्या भीतीने आजच्या दुपारी लेकरास एकटे सोडणे, हा व्यवहारही नव्हे. नियमित औषधावर असलेली मुलगी शिकते, शेतात राबते, संसार करते; औषधावाचून खंगलेली मुलगी मात्र पाहुण्यांच्या दृष्टीतून सुटत नाही.

‘पंपाची सवय लागते’ हा दुसरा समज. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी मुलास आंधळे ठेवीत नाही. पंपातून औषधाची अगदी अल्प मात्रा थेट नळ्यांत पोहोचते, म्हणून गोळी वा सुईपेक्षा तो सौम्य आहे. या पंपाची कथाही एका मुलीपासून सुरू होते. १९५५ साली अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांस विचारले, की केसांवरचे द्रव्य डब्यातून फवारता येते, तर माझे औषध का नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पहिला मोजक्या मात्रेचा पंप तयार झाला.

पंप दोन प्रकारचे असतात. एक अटकेच्या वेळी नळ्या मोकळ्या करणारा. दुसरा सूज कमी करणारा, जो बरे वाटत असतानाही रोज घ्यावयाचा. आपल्याकडे पहिलाच तेवढा वापरला जातो, दुसरा ‘आता बरे आहे’ म्हणून फडताळात पडतो. केवळ पहिल्यावर भिस्त ठेवू नये, हे वैद्यकाने अनुभवाने ठरविले आहे. लहान मुलास पंप ओढण्याची वेळ साधत नाही, म्हणून मध्ये पोकळ नळकांडे लावतात. ते परवडत नसेल तर पाणी वा सरबताची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटलीही चालते. तिच्या बुडास पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून तो घट्ट बसवावा आणि मुलाने बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यावा. केपटाऊनच्या डॉ. हेदर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले, की अशी बंदिस्त बाटली विकतच्या नळकांड्याइतकेच काम देते.

मृग लागताच हैदराबादेस बथिनी कुटुंबाकडून जिवंत मासोळीतून दिला जाणारा प्रसाद घ्यावयास आपल्या भागातूनही लोक नागपूरमार्गे जातात. त्याने दमा बरा होतो, याला वैद्यकीय पुरावा नाही. कोणी श्रद्धेने गेलेच तर आम्ही त्यांच्याशी भांडत नाही. मात्र परत आल्यावर पंप बंद करणे, हे जिवावर बेतणारे आहे.

आता शाळेविषयी. सकाळी वर्ग झाडण्याची पाळी मुलांकडे असते, ही चांगली रीत आहे; परंतु दम्याच्या मुलास झाडूऐवजी पाणी भरण्याचे वा फुले लावण्याचे काम द्यावे, आणि झाडण्यापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडावे. सतरंज्या वर्गात झटकू नयेत. फळा ओल्या फडक्याने पुसावा. कुंपणाचे गाजरगवत फुलण्याआधी मोठ्यांनी हातमोजे घालून उपटावे. ते मुलांकडून उपटून घेऊ नये, कारण त्याने कातडीही उठते. खेळापासून मात्र मुलास दूर बसवू नये. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांस श्रमाने उठणारा दमा होता, आणि त्यांनी ४१ पदके मिळविली. (लूर्दची बर्नादेत्त ही दमेकरीच होती. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी सोबतिणींमागोमाग ओढ्याच्या थंड पाण्यात पाय घालण्यास ती कचरली ती त्यामुळेच, हे आपल्या मुलांस सांगण्याजोगे आहे.)

अटक आलीच तर मुलास निजवू नये. ताठ बसवावे, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करावे, भोवतीची गर्दी हटवावी. आराम देणाऱ्या पंपाची एक मात्रा नळकांड्यात सोडून चार श्वास घेऊ द्यावेत. अशा चार मात्रा द्याव्यात. चार मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा चार. तरीही उतार नसेल तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर झाले असतील, तर चार मिनिटे मोजत बसू नये. पंप देता देताच गाडी बोलवावी. घरघर एकाएकी थांबली आणि मूल मलूल झाले, तर ते बरे झाले असे समजू नये. ती सर्वांत वाईट खूण होय.

काही मुलांस शेंगदाणा, अंडे, दूध अथवा कोळंबी सोसत नाही. डब्यातला घास वाटून खाणे गोड आहे, पण अशा मुलाच्या सोबत्यांस ते सांगून ठेवावे. खाल्ल्याबरोबर अंगावर गांध्या उठून त्यासोबत ओठ-जीभ सुजणे, श्वास अडणे किंवा भोवळ येणे घडले, तर घरी नेऊन काढा देण्यात वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा. तेथे मांडीत दिले जाणारे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शनच त्यावरचे पहिले औषध आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी आपले डॉक्टर बहुधा नागपूरचे, त्यांची चिठ्ठी इंग्रजीत, आई मराठी बोलणारी आणि गुरुजी पुष्कळदा हिंदी वाचणारे. म्हणून डॉक्टरांकडून, शाळा सुरू होण्यापूर्वीच, साध्या शब्दांत एक कागद करून घ्यावा: मुलास कशाने त्रास होतो, कोणता पंप, किती मात्रा, कोणास कळवावयाचे. त्याची हिंदी प्रत वर्गशिक्षकांस द्यावी, एक दप्तरात ठेवावी. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते. त्यांच्या यादीत श्वासनलिकेचा हा विकार आहे, तेव्हा त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. आणि पंप मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या उघड्या खणात असावा. मुख्याध्यापकांच्या कपाटात तो सुरक्षित राहतो खरा, पण कपाटास कुलूप असते, आणि मुख्याध्यापक किल्ली खिशात घालून बैठकीस गेलेले असतात.