मर्यादवेलीच्या मागे मागे

गोव्यात मोरजी किंवा मांद्रेच्या किनाऱ्यावर गेलात, तर क्षणभर पाण्याकडे पाठ करून उभे राहा. भरतीची रेघ संपते तिथे गुलाबी-जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसेल. पान शेळीच्या खुरासारखे दुभंगलेले. ही मर्यादवेल. समुद्राने इथवरच यावे, हे जणू तिच्या नावातच आले!

कोरड्या वाळूत ना खत, ना ओल; वरून खारा वारा. तरी ही वेल तगते, कारण तिच्या पेरापेराला मुळे फुटतात. उडती वाळू तिच्यात अडकते, वेल गाडली जाते आणि पुन्हा वर डोके काढते. असे होत होत वाळूची टेकडी उभी राहते. सोबतीला एक टोकदार गवत असते, तमिळनाडूत त्याला 'रावणाची मिशी' म्हणतात. त्याच्या बियांचे गोळे किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर गडगडत जातात. अबईच्या जातीची एक वेल मुळांवरच्या गाठींतून वाळूला नायट्रोजन पुरवते. पाने कुजतात, ओल टिकू लागते, मीठ पावसाने धुऊन जाते. मग टेकडीच्या आडोशाला निर्गुडी आणि केवडा, त्याही मागे उंडी, काजू. तोवर मर्यादवेलीची सद्दी संपलेली असते. सावली तिला सोसत नाही.

म्हणजे समुद्राकडून गावाकडे शे-दोनशे पावले चालताना आपण कित्येक वर्षे ओलांडत असतो. अमेरिकेत मिशिगन सरोवराकाठच्या अशाच टेकड्यांवरून हेन्री कौल्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हा क्रम मांडला.

पावसाळ्यात लाटा पुढची टेकडी कापून वाळू ओढून नेतात. उघडीप झाली की ती परतते, पण तिला धरायला वेल जागेवर हवी. नेमकी तीच उपटली जाते. खाटा मांडायच्या असतात, खोलीतून समुद्र दिसायला हवा असतो! वाळूच्या टेकड्या सपाट करायला १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनेच मनाई केली होती, तरीही हे चालते. त्या जागी सुरू लावून समाधान मानणेही मला पटत नाही. सुरूच्या काड्यांच्या दाट थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही.

मोडलेली टेकडी पुन्हा उभी करायला खर्च फारसा नाही. मर्यादवेलीचे पेर असलेले तुकडे पावसाच्या तोंडावर वाळूत पुरायचे आणि माणसांची, गाड्यांची वाट तिथून वळवायची. वेल पहिल्या हंगामात पसरू लागते. उंडीच्या सावलीला मात्र बरीच वर्षे थांबावे लागते.