साडेतीनशेची चाचणी, एकोणचाळीसशेची चाचणी

डिसेंबर २०२१मध्ये मुलुंडच्या एखाद्या खासगी लॅबमध्ये स्वतः जाऊन नमुना दिलात, तर कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीचे ३५० रुपये पडत. लॅबचा माणूस घरी बोलावलात तर ७००. आणि त्याच वेळी अंधेरीच्या सहार विमानतळावर झटपट पीसीआरसाठी मोजावे लागत ३,९०० रुपये. तेही भाव उतरल्यावर. आधी ४,५०० होते! विषाणू तोच, नाक तेच, नाकात घालायची काडीही तशीच. मग अकरा पट फरक आला कुठून?

या फरकाची झळ बसली ती आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना. ऑगस्ट २०२१पासून अमिरातीची अट होती: भारतातून परतायचं तर ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला आरटी-पीसीआर अहवाल हवाच, शिवाय विमान सुटण्याआधी काही तासांत विमानतळावरच दुसरी, झटपट चाचणी हवी. घाटकोपरला आजी-आजोबांना भेटायला आलेलं, कॉलेजातल्या दोन मुलांचं चौकोनी कुटुंब शारजाला परत निघालं, की ३,९००च्या भावानं नुसत्या त्या दुसऱ्या चाचणीचे १५,६०० रुपये. लंडनला जाणाऱ्यांचा आकडा तर डोळे पांढरे करणारा. तिथं उतरल्यावर दुसऱ्या आणि आठव्या दिवशी करायच्या चाचण्यांची जोडी सरकारी आरोग्यसेवेकडून ऑगस्ट २०२१मध्ये १३६ पौंडांना मिळे. तेव्हाचे जवळपास चौदा हजार रुपये!

हे पैसे नेमके कशाचे, हे समजायला त्या काडीच्या मागोमाग लॅबमध्ये जावं लागेल. काडी नाकातून बाहेर येते, गुलाबी द्रव भरलेल्या बोटभर नळीत बुडते, तिचा दांडा कट्कन मोडला जातो, झाकण बसतं आणि नळी बर्फाच्या पेटीत जाते. तुम्हाला संसर्ग झाला असेल तर त्या गुलाबी थेंबांत विषाणूचा जनुकीय मजकूर तरंगतोय. साधारण ३०,००० अक्षरांचा, आरएनएच्या भाषेत लिहिलेला. तो इतका सूक्ष्म आणि इतका थोडा, की थेट शोधायचं म्हटलं तर हात टेकावे लागतील.

म्हणून तो शोधत बसायचंच नाही, तो वाढवायचा! आधी एक एन्झाइम त्या आरएनएवरून डीएनए लिहून काढतं. उलट्या दिशेनं लिहिणारं असं काही निसर्गात असतं, हे १९७०मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करताना दाखवलं. मग मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवायचं, डीएनएचे दोन धागे सुटे होतात. साठेक अंशांपर्यंत निववायचं, प्रत्येक धाग्यावर ठरलेल्या जागी डीएनएचा एक छोटा तुकडा चिकटतो आणि दुसरं एन्झाइम तिथून पुढचा धागा विणत जातं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा निववा. दोनाचे चार. स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला मूळ कागदावरूनच प्रती काढत राहतो. इथं निघालेली प्रत्येक प्रत पुढच्या फेरीत स्वतःच मूळ कागद होते. दहा फेऱ्यांत १,०२४. वीस फेऱ्यांत दहा लाखांच्या वर. तीस फेऱ्यांत १०७ कोटी. चाळिसाव्या फेरीअखेर हिशेबानं एक लाख कोटींहून जास्त. आणि हे सगळं दीड-दोन तासांत, एका थेंबात!

पण ९५ अंशांना बहुतेक एन्झाइमं मोडून पडतात, मग हे टिकतं कसं? १९८३मध्ये कॅरी मुलिस यांना ही कल्पना सुचली तेव्हा हीच अडचण होती. प्रत्येक फेरीनंतर ताजं एन्झाइम घालावं लागे. सुटका केली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांनी. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांपेक्षा कितीतरी कढत, सत्तर अंशांच्या पाण्यात सुखानं राहणारा एक जिवाणू थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९मध्ये जगापुढे आणला होता. कुठला रोग ओळखावा, काही विकावं, असा त्यात हेतूच नव्हता. इतक्या उष्णतेत कोण जगतं, एवढंच कुतूहल. त्या जिवाणूच्या एन्झाइमवर पुढे सगळं पीसीआर उभं राहिलं. १९९१मध्ये त्याची पेटंटं रोश कंपनीनं तीस कोटी डॉलरना घेतली, १९९३मध्ये मुलिस यांना नोबेल मिळालं. आज ते एन्झाइम साध्या जिवाणूंकडून हवं तेवढं बनवून घेतात. आणि लागतं तरी किती? एका चाचणीचं मिश्रण पंचवीस मायक्रोलिटर धरा. एका लिटरमध्ये चाळीस हजार चाचण्या होतात!

आता हे मिश्रण ज्या ताटलीत ठेवून तापवतात, ती पाहा, कारण साडेतीनशे रुपयांचं गुपित तिच्यातच आहे. तळहाताएवढी प्लास्टिकची, तिच्यात ९६ खळगे. दोन खळगे यंत्र बरोबर चाललंय का ते तपासायला ठेवले, तरी ९४ माणसांचे नमुने एका वेळी बसतात. विषाणू असेल त्या खळग्यात प्रत्येक नव्या प्रतीबरोबर रंगद्रव्याचा एक कण उजळतो आणि पडद्यावर रेघ वर चढू लागते. ती कितव्या फेरीत वर आली, तोच तो अहवालावरचा सीटी आकडा. यंत्राची वीज, पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या तंत्रज्ञाचे तास, सगळं ९४ जणांत वाटलं जातं.

विमानतळावर ताटली भरेपर्यंत थांबायला वेळ कुणाला? झटपट यंत्रांतलं ॲबटचं आयडी नाऊ घ्या. ते तापवणं-निववणं करतच नाही, एकाच तापमानावर प्रती वाढवतं आणि तेरा मिनिटांच्या आत निकाल देतं. चमत्कारच! पण तेवढा वेळ अख्खं यंत्र एकाच प्रवाशाचं. म्हणून ते महाग असणं समजू शकतं. अकरा पट असणं मात्र मला पटत नाही. त्यातला मोठा भाग रसायनाचा नव्हता, डोक्यावर असलेल्या विमानाचा होता.

असं ठामपणे म्हणता येतं, कारण साध्या चाचणीचा भाव कसा उतरला ते आपण पाहिलंय. ९ मार्च २०२०ला महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले, दुबईहून पुण्यात परतलेलं जोडपं. तेव्हा बाहेरून आणलेल्या किटवर चालणाऱ्या चाचणीची कमाल किंमत केंद्रानं ठरवली ४,५०० रुपये. दोन आठवड्यांत पुण्याच्याच मायलॅबचं देशी किट मंजूर झालं. मीनल डाखवे-भोसले यांच्या गटानं ते सहा आठवड्यांत उभं केलं. दिवस भरलेले असताना त्यांनी किट तपासणीला दिलं आणि लगेच त्यांना मुलगी झाली. कंपनीनं एका चाचणीचा भाव १,२०० सांगितला. पुढे राज्य सरकारनं कमाल दर खाली आणत नेला: जून २०२०मध्ये २,२००, ऑक्टोबरात ९८०, डिसेंबरात ७००, मार्च २०२१मध्ये ५००, डिसेंबरात ३५०.

अमिरातीनं विमानतळावरच्या चाचणीची अट फेब्रुवारी २०२२मध्ये काढून टाकली. ९६ खळग्यांची ताटली मात्र लॅबमध्ये तशीच फिरते आहे, आता स्वाइन फ्लूसाठी. तेच एन्झाइम, त्याच फेऱ्या. तरी अनेक खासगी लॅब त्या चाचणीचे अजून काही हजार रुपये घेतात. कोरोनासाठी जो कमाल दर सरकारनं पाच-सहा वेळा उतरवून दाखवला, तसाच दर त्यानं फ्लूच्या चाचणीलाही आता बांधून द्यावा.